डोमेन कंट्रोलर बंद करायची घाई आणि सांभाळायची टाळाटाळ

प्रश्न : आमच्या कंपनीत साडेतीनशेच्या आसपास युजर आहेत आणि आयटीत आम्ही दोघंच. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे (एडी, म्हणजे कंपनीतली खाती, पासवर्ड आणि हक्क सांभाळणारी यंत्रणा) दोन डोमेन कंट्रोलर (ती चालवणारे सर्व्हर, थोडक्यात डीसी) आहेत, दोन्ही विंडोज सर्व्हर २०१६ वर. मेल तीन वर्षांपूर्वी मायक्रोसॉफ्ट ३६५ वर गेली, तेव्हापासून एन्ट्रा कनेक्टने (एडीतली खाती मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधल्या एन्ट्रा आयडी या लॉगिन सेवेत उतरवणारं साधन) युजर सिंक होतात. फाइल सर्व्हर, एसक्यूएल सर्व्हरवर विंडोज लॉगिनने चालणारं हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर आणि एनपीएसवरचं (वायफायला कोण जोडतंय ते तपासणारी विंडोजची सेवा) वायफाय मात्र अजून इथेच आहे. आता वरून निरोप आलाय, ‘एडी संपत आलीय. वर्षभरात सगळं क्लाउडवर न्या, सर्व्हरवर नवा खर्च करू नका.’ एडी खरंच संपतेय का? वर्षभरात हे जमेल का? आणि पंधरा वर्षं एडीत घालवलेल्या माणसाने आता काय शिकायचं?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मिळालेल्या निरोपात दोन वाक्यं आहेत आणि दुसरं वाक्य जणू पहिल्यातूनच निघतं असं धरून चाललं आहे. एडी उतरणीला लागली आहे, हे मान्य. पण म्हणून तिच्यावर खर्च करू नका, हे अजिबात मान्य करू नका. सगळ्यात जास्त धोका असतो तो ‘हा काय, जाणारच आहे’ म्हणून वाऱ्यावर सोडलेल्या डोमेन कंट्रोलरचा. तुमचा सगळा आराखडा ही एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवून करा.

आधी ‘संपतेय का’ ते पाहू. एडी २००० साली विंडोज २००० सर्व्हरबरोबर आली. विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये तिच्यात बऱ्याच वर्षांनी खरं काम झालं. २०१६ नंतर पहिल्यांदाच नवी फंक्शनल लेव्हल (डोमेनमध्ये कोणत्या सोयी चालतील ते ठरवणारी पातळी) आली आणि डेटाबेसचं पान ८ केबीऐवजी ३२ केबीचं करता येऊ लागलं. त्या आवृत्तीला सुरक्षा अपडेट २०३४ पर्यंत मिळणार आहेत. म्हणजे एडी वर्षा-दोन वर्षांत बंद पडणारी वस्तू नाही. पण पासकी (पासवर्डविना लॉगिन), कंडिशनल ॲक्सेस (अटी पाहून प्रवेश देणं), जोखीम पाहून लॉगिन अडवणं, बाहेरच्या भागीदारांना मर्यादित प्रवेश देणं या गेल्या दहा वर्षांतल्या कामाच्या सोयी कुठे आल्या ते पाहा. सगळ्या एन्ट्रा आयडीत. मायक्रोसॉफ्ट एडीची डागडुजी करत राहील, पण नवं घर दुसरीकडे बांधतेय.

वरिष्ठांच्या मनातला एक गोंधळही दूर करा. एन्ट्रा आयडीचं नाव २०२३ पर्यंत ‘अझुर एडी’ होतं आणि त्या नावामुळे बऱ्याच जणांना वाटतं की ही तीच एडी, फक्त दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये ठेवलेली. तसं नाही. तिथे ओयू (खाती गटवार ठेवायचे कप्पे) नाहीत, ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनवर एकसारखी सेटिंग लावायची सोय) नाही, एलडॅप बाइंड (उपकरणं आणि सॉफ्टवेअर एडीत लॉगिन करतात ती पद्धत) नाही, तुमच्या फाइल सर्व्हरला ओळखीचं असलेलं डोमेन नाही. तिथला सगळा व्यवहार वेबच्या टोकनवर (लॉगिननंतर मिळणारा मुदतीचा परवाना) चालतो. त्यामुळे ‘एडी क्लाउडवर नेणं’ असं एक काम नसतंच. एडीवर टेकलेली एकेक गोष्ट सोडवायची असते, आणि प्रत्येकीची गाठ निराळी असते. एन्ट्रा डोमेन सर्व्हिसेस नावाची एक मधली सोय आहे, भाड्याने मिळणारं तयार डोमेन म्हणा. त्यात डोमेन ॲडमिनचे हक्क मिळत नाहीत आणि स्कीमा (डिरेक्टरीतल्या नोंदींचा साचा) वाढवता येत नाही. क्लाउडमधल्या व्हर्च्युअल मशीनवर हलवलेल्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी ती ठीक आहे. तुमच्या फाइल सर्व्हरला आणि वायफायला तिचा उपयोग नाही.

आता एक तारीख लिहून ठेवा : १२ जानेवारी २०२७. त्या दिवशी विंडोज सर्व्हर २०१६ चा वाढीव सपोर्ट संपतो. वरिष्ठांशी बोलताना ‘एडी जुनी झाली’ यापेक्षा ही तारीख जास्त उपयोगी पडेल, कारण तुमची एडी त्या दिवसापर्यंत गेलेली नसणार.

जोवर सिंक चालू आहे तोवर एडी हाच तुमच्या क्लाउडचा पाया आहे. इथल्या एडीत ज्याच्या हाती ॲडमिन हक्क आले, तो युजरचा पासवर्ड बदलू शकतो आणि पासवर्ड हॅश सिंक (पासवर्डऐवजी त्याचा हॅश, म्हणजे उलट न फिरवता येणारा ठसा, वर पाठवणारी सोय) साधारण दोन मिनिटांत तो बदल वर पोचवतं. एन्ट्रा कनेक्टने एडीत ‘एमएसओएल’ या अक्षरांनी सुरू होणारं खातं तयार केलं असेल, तर त्या खात्याला सगळ्या युजरचे पासवर्ड हॅश वाचायचा हक्क असतो. म्हणून सिंक सर्व्हरची काळजी डोमेन कंट्रोलरइतकीच घ्यायला हवी. तो दुसऱ्या चार कामांबरोबर एखाद्या जुन्या मशीनवर बसवला असेल, हेल्पडेस्कचे लोक त्यावर रिमोटने लॉगिन करत असतील, तर आधी ते बंद करा. खर्च शून्य आणि फायदा मोठा.

दुर्लक्षाची किंमत काय असते, त्याचं उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या विध्वंसक मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातले डोमेन कंट्रोलर पुसून टाकले. ते एकमेकांची प्रत ठेवत होते आणि हाच बॅकअप असं गृहीत धरलेलं होतं. घानातल्या कार्यालयात त्या वेळी वीज गेली होती, म्हणून तिथला एक तेवढा वाचला आणि त्याच्यावरून सगळं पुन्हा उभं करावं लागलं. दोन डीसी म्हणजे बॅकअप नव्हे, हे तुमच्यासाठीही तितकंच खरं आहे. एका डीसीचा सिस्टम स्टेट (एडीच्या डेटाबेससकट) बॅकअप रोज घ्या, त्याची एक प्रत डोमेनमध्ये नसलेल्या जागी ठेवा, डीएसआरएमचा (डीसी दुरुस्तीसाठी सुरू करायच्या मोडचा) पासवर्ड शेवटचा कधी बदलला ते तपासा आणि वर्षातून एकदा तो बॅकअप वेगळ्या, बंद नेटवर्कवर उभा करून पाहा. १८० दिवसांपेक्षा जुना बॅकअप परत आणायला उपयोगाचा नसतो, कारण टूमस्टोनची, म्हणजे पुसलेल्या नोंदींची खूण जपून ठेवायची, मुदत साधारण तेवढीच असते.

क्लाउड कधी पडत नाही, असंही सांगू नका. १५ मार्च २०२१ ला अझुर एडीतली एक सायनिंग की (लॉगिनच्या टोकनवर सही करणारी किल्ली) राखून ठेवायची होती, ती आपोआप चालणाऱ्या सफाईत काढली गेली आणि जगभर लॉगिन अडकले. अशा वेळी तुमच्या हातात वाट बघण्यापलीकडे फारसं काही नसतं. तरीही दोन माणसांच्या टीमने चालवलेल्या दोन डीसींपेक्षा ती सेवा एकंदरीत भरवशाची आहे, असंच आमचं स्पष्ट मत आहे. फक्त मीटिंगमध्ये दोन्ही बाजू मांडा.

वर्षभरात डोमेन कंट्रोलर शून्यावर आणणं तुमच्या ठिकाणी जमणार नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर एकटंच ते होऊ देणार नाही. वर्षभरात जमेल ते असं : नव्याने काहीही एडीवर टेकू द्यायचं नाही, जे आधीच टेकलंय ते बाहेरून आत सोडवत यायचं आणि उरलेली एडी छोटी, निरोगी आणि सपोर्टमध्ये ठेवायची. वरिष्ठांना ‘नाही जमणार’ म्हणण्याऐवजी हे कागदावर द्या.

सुरुवात मोजणीने करा. एडीवर कोण कोण टेकलंय, हे कोणालाच पूर्ण माहीत नसतं, पण डोमेन कंट्रोलरच्या नोंदी ते सांगतात. रजिस्ट्रीत एनटीडीएसच्या (एडीच्या सेवेच्या) डायग्नोस्टिक्सखाली ‘१६ एलडॅप इंटरफेस इव्हेंट्स’ अशी नोंद आहे, तिची किंमत दोन्ही डीसींवर २ करा. मग डिरेक्टरी सर्व्हिसच्या लॉगमध्ये २८८९ क्रमांकाचे इव्हेंट येऊ लागतील. साध्या किंवा सही नसलेल्या बाइंडने कोण येतंय, त्याचा आयपी पत्ता आणि खातं त्यात मिळतं. स्कॅनरचं ॲड्रेस बुक, फायरवॉलचं व्हीपीएन, विसरलेलं हजेरीचं मशीन असे पाहुणे इथेच सापडतात. ज्या सेवेसाठी केर्बेरॉस तिकीट (एडीच्या लॉगिन पद्धतीत मिळणारं प्रवेशपत्र) मागितलं गेलं तिचं नाव सुरक्षा लॉगमधल्या ४७६९ मध्ये येतं. ४७७६ मध्ये एनटीएलएम या जुन्या लॉगिन पद्धतीने आलेले दिसतात. ४७६९ मध्ये एन्क्रिप्शनचा प्रकार ०एक्स१७ दिसला, तर ते आरसी४ हे जुनं, कमकुवत एन्क्रिप्शन आहे. बहुतेक वेळा ते एखाद्या जुन्या सर्व्हिस खात्याचं निघतं, ज्याचा पासवर्ड वर्षानुवर्षं बदललेला नाही आणि त्यामुळे त्याच्यासाठी एईएस या मजबूत एन्क्रिप्शनची की तयारच झालेली नाही. पासवर्ड बदलला की ती होते. ही मोजणी आठ दिवसांची नको. हिशेबाचं काम महिनाअखेरीला आणि तिमाहीअखेरीला वेगळं चालतं, म्हणून निदान एक तिमाही संपेपर्यंत चालू ठेवा आणि सुरक्षा लॉगचा आकार आधी वाढवा. नाहीतर काही तासांतच जुन्या नोंदी पुसल्या जातील.

मोजणी चालू असतानाच सिंकमधल्या दोन गोष्टी सुधारा. पहिली तर आजच करता येईल. एन्ट्रा कनेक्टमध्ये चुकून होणाऱ्या डिलीटपासून संरक्षण असतं. एका फेरीत ठरावीक संख्येपेक्षा जास्त ऑब्जेक्ट पुसले जाणार असतील, तर ते थांबतं. ती संख्या मुळात ५०० असते. तुमच्याकडे युजर साडेतीनशे! कुणी एखादी ओयू चुकून सिंकच्या कक्षेबाहेर हलवली, तर कंपनीतला प्रत्येक माणूस क्लाउडमधून पुसला जाईल आणि हे संरक्षण हूं की चूं करणार नाही. पुसलेले युजर ३० दिवस परत आणता येतात, पण तोवर सकाळभर कुणाचीही मेल उघडणार नाही. पॉवरशेलच्या एका कमांडने ती मर्यादा २५-३० वर आणा.

दुसरी गोष्ट नोकरी सोडून जाणाऱ्यांची. एडीत खात्याला ‘एक्स्पायर’ होण्याची तारीख घालायची पद्धत अनेक ठिकाणी आहे, विशेषतः कंत्राटी लोकांसाठी. ती तारीख एन्ट्रात जातच नाही. एडीत खातं संपलेलं दिसतं, पण पासवर्ड हॅश सिंक असेल तर त्याच पासवर्डने माणूस मेल उघडत राहतो. म्हणून तारखेवर विसंबू नका. मुदत संपलेली खाती रोज रात्री शोधून डिसेबल करणारी छोटी स्क्रिप्ट लावा. डिसेबल झालेलं खातंही वर पोचायला सिंकची फेरी यावी लागते, जी मुळात ३० मिनिटांनी येते. तातडीचं असेल तर डेल्टा सिंक (फक्त बदल पाठवणारी फेरी) हाताने चालवा आणि त्याचबरोबर एन्ट्रामध्ये जाऊन त्या युजरची सेशन रद्द करा. नुसतं खातं बंद केलं तरी आधी मिळालेलं टोकन साधारण तासभर चालू शकतं.

लॉगिनसाठी पास-थ्रू किंवा एडी एफएस (पासवर्ड तुमच्याच सर्व्हरवर तपासायच्या पद्धती) वापरत असाल, तर पासवर्ड हॅश सिंकवर या. पास-थ्रूमध्ये तुमची सर्व्हर रूम बंद पडली की क्लाउडची मेलही बंद पडते. म्हणजे दोन्हीकडचे तोटे एकत्र. ‘आमचे पासवर्ड बाहेर जातील’ अशी शंका निघेल. तसे ते जात नाहीत. एडीतल्या हॅशला सॉल्ट (प्रत्येक खात्यासाठी वेगळी, यादृच्छिक भर) लावून त्याच्यावर पुन्हा एक हजार फेऱ्यांचा हॅश चालवला जातो आणि तो वर जातो.

आता सोडवायला सुरुवात. पहिली गाठ लॅपटॉपची, कारण ती सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त संख्येची. इथून पुढे येणारा प्रत्येक नवा लॅपटॉप डोमेनला जोडू नका. तो थेट एन्ट्राला जोडा आणि इंट्यूनने (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरून मशीन सांभाळायची सेवा) सांभाळा. जुने मशीन डोमेनमधून काढून एन्ट्रात घालायचा सरळ आणि मान्य असा जागच्या जागी मार्ग नाही. मशीन रिसेट करावं लागतं आणि युजरचं प्रोफाइल नवं होतं. म्हणून साडेतीनशे मशीन एका दमात फिरवू नका. बदलीची वेळ येईल तसं एकेक. हायब्रिड जॉइन (मशीन एडी आणि एन्ट्रा दोन्हींना जोडणं) हा जुन्या मशीनसाठी तात्पुरता पूल आहे. नव्या मशीनसाठी तो वापरला, तर डोमेनची गरज आणखी चार-पाच वर्षं लांबते.

इथे तुमचा पहिला प्रश्न असेल की एन्ट्रातला लॅपटॉप फाइल सर्व्हर उघडेल का. उघडेल, आणि हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. युजर एडीतून सिंक झालेला असेल आणि मशीनला डोमेन कंट्रोलर दिसत असेल, तर पासवर्डने लॉगिन केल्यावर केर्बेरॉस तिकीट गुपचूप मिळतं. विंडोज हॅलोचा पिन किंवा बोट वापरायचं असेल, तर क्लाउड केर्बेरॉस ट्रस्ट उभारा. त्यासाठी एका पॉवरशेल कमांडने एडीत ‘अझुरएडीकेर्बेरॉस’ नावाचं ऑब्जेक्ट बनतं, जे रीड-ओन्ली डीसीसारखं दिसतं. वेगळा सर्व्हर लागत नाही. डोमेन ॲडमिनसारख्या संरक्षित ग्रुपमधल्या खात्यांना यातून तिकीट मिळत नाही, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. पहिली चाचणी नेमकी स्वतःच्या ॲडमिन खात्याने करून ‘चालत नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

सगळ्यात जास्त तक्रारी मात्र एका क्षुल्लक कारणाने येतील. डोमेनमधल्या मशीनला डीएनएसचा सफिक्स (सर्व्हरच्या नावामागे जोडायचा डोमेनचा भाग) आपोआप मिळत होता, म्हणून सर्व्हरचं नुसतं छोटं नाव टाकून शेअर उघडत होता. एन्ट्रातल्या मशीनला तो सफिक्स मिळत नाही. ड्राइव्ह मॅपिंगमध्ये पूर्ण नाव लिहा किंवा इंट्यूनमधून सफिक्सची यादी द्या. एक्सेलच्या जुन्या फाइलींमध्ये लिंक म्हणून छोटंच नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे यादी दिलेली बरी.

वायफायची गाठ अवघड आहे आणि ती आधी सोडवली नाही, तर पहिला नवा लॅपटॉप दिल्याच्या दिवशीच अडकाल. एनपीएस कंप्युटरचं सर्टिफिकेट बघतं आणि त्या नावाचं कंप्युटर खातं एडीत शोधतं. एन्ट्रातल्या मशीनचं एडीत खातंच नसतं, त्यामुळे नकार. काही जण एडीत त्या नावाची खोटी कंप्युटर ऑब्जेक्ट तयार करून वेळ मारून नेतात. तसं करू नका. फेब्रुवारी २०२५ पासून डोमेन कंट्रोलर सर्टिफिकेट आणि खातं यांच्यातला पक्का दुवा मागू लागले आणि सप्टेंबर २०२५ नंतर मागे फिरायची सवलतही संपली. ही जुगाडं त्या कसोटीला नीट टिकत नाहीत. एडी आहे तोवर टिकाऊ उपाय म्हणजे युजर सर्टिफिकेट. इंट्यूनच्या सर्टिफिकेट प्रोफाइलमध्ये युजरचा एडीतला एसआयडी (खात्याचा ओळख क्रमांक) घालता येतो. सिंक झालेल्या युजरकडे तो असतोच, म्हणून एनपीएस ते स्वीकारतं. पुढे एनपीएसच काढायचं असेल, तर फक्त सर्टिफिकेट तपासणारी, एडीत न डोकावणारी रेडियस सेवा घ्या.

ग्रुप पॉलिसी जशाच्या तशा इंट्यूनमध्ये उतरवायचा मोह होईल. इंट्यूनमध्ये ग्रुप पॉलिसी ॲनालिटिक्स आहे, तिथे एक्स्पोर्ट केलेली जीपीओ (ग्रुप पॉलिसीचा एक संच) टाकली की कोणती सेटिंग उपलब्ध आहे ते कळतं. पण पंधरा वर्षांच्या जीपीओत इंटरनेट एक्सप्लोररची झोन आणि कधीच निघून गेलेल्या प्रिंटरच्या वाटा भरलेल्या असतात. कोऱ्या पाटीवर सुरक्षेचा तयार बेसलाइन घ्या आणि कुणी मागेल तेवढंच वर घाला.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी आत्ता भांडू नका. एसक्यूएलचं विंडोज लॉगिन वर सांगितलेल्या मार्गाने एन्ट्रातल्या लॅपटॉपवरूनही चालतं. त्याच्या सर्व्हिस खात्याला जीएमएसए करा म्हणजे पासवर्ड आपोआप बदलत राहील. त्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा. पुढची आवृत्ती सॅमल किंवा ओपनआयडी कनेक्टने (एन्ट्राशी जुळणाऱ्या वेबच्या लॉगिन पद्धती) लॉगिन घेईल का, आणि कधी? यापुढे कोणतंही सॉफ्टवेअर घेताना हा प्रश्न खरेदीच्या कागदावर छापलेला हवा. तुमची एडी बंद होण्याची खरी तारीख त्या उत्तरातून निघेल.

युजर आणि ग्रुप यांची मालकी एडीकडून एन्ट्राकडे एकेक करून वळवायची सोय मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये आणली. आधी ‘सगळं सिंक किंवा काहीच नाही’ असं होतं. त्यामुळे हे मोठं पाऊल आहे. ग्रुपपासून सुरुवात करा, मेलच्या वितरण याद्या आधी. युजर वळवताना जपून. एकदा मालकी वर गेली की क्लाउडमधला नवा पासवर्ड एडीतल्या खात्यात उतरेल असं धरू नका. जो माणूस रोज फाइल सर्व्हरला हात लावतो, त्याला शेवटी ठेवा. फक्त मेल आणि टीम्सवर काम करणारे आधी घ्या.

लायसन्सचा एक हिशेब आत्ताच करा. कंडिशनल ॲक्सेसला एन्ट्रा आयडी पी१ हे लायसन्स लागतं. ते ३६५ बिझनेस प्रीमियममध्ये येतं, पण त्या योजनेला ३०० युजरची मर्यादा आहे आणि तुम्ही ती ओलांडली आहे. बाकीच्यांसाठी पी१ आणि इंट्यून वेगळं किंवा एंटरप्राइझ योजनेतून घ्यावं लागेल. ‘सर्व्हरवर खर्च नको’ म्हणणाऱ्यांना हा आकडा आधी कळू द्या, नंतर नाही.

ग्लोबल ॲडमिन खाती एडीतून सिंक झालेली नसावीत. ती फक्त क्लाउडमध्ये जन्मलेली असावीत, आणि डोमेन ॲडमिन खाती वर सिंकच करू नयेत. एकीकडची आग दुसरीकडे जाऊ नये म्हणून ही भिंत. शिवाय आणीबाणीसाठी दोन खाती ठेवा, पत्ता ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉमचा, कंडिशनल ॲक्सेसमधून वगळलेली, आणि कुणी त्यावर लॉगिन केलं की लगेच सूचना येईल अशी. लांबलचक पासवर्ड पाकिटात सील करून तिजोरीत ठेवायची जुनी पद्धत आता पुरत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ॲडमिन पोर्टलवर एमएफएची (पासवर्डखेरीज आणखी एक पुरावा मागण्याची) सक्ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि त्यातून आणीबाणीची खातीही सुटत नाहीत. प्रत्येक खात्याला एक फिडो२ की (लॉगिनसाठीची छोटी हार्डवेअर किल्ली) जोडा, दोन्ही दोन वेगळ्या जागी ठेवा आणि दर तीन महिन्यांनी लॉगिन करून बघा.

राहिला डोमेन कंट्रोलरवरच्या खर्चाचा प्रश्न. होय, खर्च करा, पण मोठा नाही. नवे फिजिकल सर्व्हर नकोत. दोन छोटी व्हर्च्युअल मशीन पुरतात, मात्र दोन्ही एकाच होस्टवर ठेवू नका. जुन्याला जागच्या जागी अपग्रेड करण्यापेक्षा नवं मशीन उभं करून त्याला डीसी करा, पाचही एफएसएमओ भूमिका (एका वेळी एकाच डीसीकडे असणारी खास कामं) हलवा आणि जुना नीट डिमोट करा (त्याचं डीसीपद काढा). त्याआधी तीन तपासण्या. डीसीडायग आणि रेपॲडमिन (डीसी आणि त्यांच्यातली देवाणघेवाण तपासणारी साधनं) यांच्या रिप्लिकेशन सारांशात एकही चूक नको. सिसव्हॉल (ग्रुप पॉलिसीच्या फाइलींचं फोल्डर) डीएफएसआरवर (ते सगळ्या डीसींवर सारखं ठेवणारी नवी पद्धत) असायला हवं. ते अजून एफआरएस या जुन्या पद्धतीवर असेल, तर सर्व्हर २०१९ पासूनच्या आवृत्त्या डीसी व्हायला नकार देतात. आणि फंक्शनल लेव्हल पाहा. मशीन २०१६ ची असली तरी लेव्हल २००८ आर२ वरच राहिलेली अनेक ठिकाणी आढळते. सर्व्हर २०२५ ला निदान २०१६ ची लेव्हल लागते.

२०२२ घ्यावा की २०२५? २०२२ ला सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०३१ पर्यंत आहेत आणि तुमची एडी तोवर उरली, तरी अगदी बारीक उरलेली असेल. २०२५ च्या डीसींना सुरुवातीला रीस्टार्टनंतर फायरवॉलचं डोमेन प्रोफाइल न लागण्याचा त्रास होता. पुढे तो अपडेटने सुटला. तुमच्यासारख्या निघण्याच्या वाटेवर असलेल्या ठिकाणी आम्ही २०२२ कडे झुकू. सर्व्हर बदलून झाले की केआरबीटीजीटी या, केर्बेरॉस तिकिटांवर शिक्का मारणाऱ्या, खात्याचा पासवर्ड दोनदा बदला, दोन बदलांमध्ये निदान दहा तास जाऊ द्या. तिकिटाचं आयुष्य मुळात दहा तासांचं असतं. घाई केली तर चालू तिकिटं अवैध होऊन जिकडेतिकडे लॉगिन तुटतात.

शेवटचा डीसी बंद करायचा दिवस येईल, तेव्हा त्याने चालवलेली मुकी कामं आठवा. डीएनएस, बहुतेक डीएचसीपी, पीडीसी भूमिकेमुळे सगळ्यांना मिळणारं घड्याळ, कदाचित सर्टिफिकेट ऑथॉरिटी. यांना आधी नवं घर द्या. मग डीसी डिमोट न करता नुसते दोन आठवडे बंद ठेवा. कोण ओरडतं ते कळेल, आणि १८० दिवसांच्या खूप आत असल्यामुळे ते निर्धास्त परत चालू करता येतात. त्यानंतरच सिंक कायमचं बंद करा. ते पूर्ण व्हायला ७२ तासांपर्यंत लागू शकतात आणि मधेच मन बदलून चालत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. पंधरा वर्षं वाया गेलेली नाहीत. केर्बेरॉस तिकीट का मिळत नाही, हे सांगू शकणारी माणसं कमी होत चालली आहेत, आणि वरचं प्रत्येक पाऊल नेमकं त्याच ज्ञानावर उभं आहे. नवं शिकायचं ते या क्रमाने शिका. आधी टोकन : एन्ट्राच्या साइन-इन लॉगमधली एक फसलेली नोंद उघडा आणि कोणत्या कंडिशनल ॲक्सेस पॉलिसीने का अडवलं ते शेवटपर्यंत वाचा. रोज एक, महिनाभर. मग मायक्रोसॉफ्ट ग्राफचं (स्क्रिप्टने ३६५ आणि एन्ट्राशी बोलायचा मार्ग) पॉवरशेल, कारण एमएसऑनलाइनचं जुनं मॉड्यूल २०२५ मध्ये बंद झालं आणि तुमच्या जुन्या स्क्रिप्ट तशाही पुन्हा लिहाव्या लागणार आहेत. पहिली स्क्रिप्ट कंडिशनल ॲक्सेसच्या सगळ्या पॉलिसी रोज जेसन फाइलमध्ये उतरवून ठेवणारी लिहा, म्हणजे कुणी चुकून पॉलिसी बदलली तर कालची कशी होती ते तुमच्या हातात असेल. आणि तुमच्या जोडीदाराला याच महिन्यात शेजारी बसवून एडीचा बॅकअप एकदा स्वतःच्या हाताने परत उभा करायला लावा.